मुंबईत श्रीमंती टेकडीवर आणि गरिबी गिरणीपाशी का वसली?

१/ लोअर परळला काचेच्या मनोऱ्यांच्या सावलीत गिरणीची एखादी जुनी चिमणी आजही उभी दिसते. हे दृश्य योगायोगाने घडलेले नाही. महानगराच्या केंद्राभोवती धनिकांनी कोठे राहावे आणि श्रमिकांनी कोठे, हे मुंबईत तीन गोष्टींनी ठरवले: हवा, पायपीट आणि कायदा.

२/ कंपनी सरकारच्या काळातील मुंबईचे केंद्र म्हणजे तटबंदीच्या आतला कोट. त्याच्या दक्षिण भागात युरोपीय, तर उत्तर भागात पारशी व गुजराती व्यापारी राहत. १८०३ च्या आगीत कोटाचा मोठा भाग जळाला आणि त्यानंतर तटाबाहेरची देशी वस्ती झपाट्याने वाढली. कोट आणि ही वस्ती यांच्यामध्ये संरक्षणासाठी मोकळे मैदान राखलेले होते. आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल ही मैदाने त्याचेच तुकडे होत.

३/ अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या व्यापाराने शहरात अमाप पैसा आला. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तट पाडले. घोडागाडी बाळगू शकणाऱ्यांनी मलबार हिल व खंबाला हिलची उंची आणि समुद्राचा वारा जवळ केला. १८८० च्या दशकात गव्हर्नरांचे निवासस्थानही परळहून मलबार पॉइंटला हलले. परळच्या त्या रिकाम्या वाड्यात १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. सत्ता जेथून निघून गेली, तेथेच रोगाशी झुंज मांडली गेली.

४/ कामगारापुढे असा पर्याय नव्हता. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापली आणि पुढे ताडदेव, भायखळा, परळ या पट्ट्यात गिरण्यांची रांग उभी राहिली. कोकणातून व घाटावरून आलेल्या बदली कामगाराला रोज पहाटे गिरणीच्या दारात हजर राहावे लागे. काम मिळेलच याची खात्री नसे. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावरची चाळीतली खोली ही त्याची गरज होती. गिरणगाव या हिशेबातून वसले.

५/ १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. आरंभीच्या काळात पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या कमी होत्या. परिणामी बेघर झालेले लोक शेजारच्याच चाळींत दाटीवाटीने राहू लागले. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती मात्र प्रामुख्याने मध्यमवर्गाच्या झाल्या.

६/ १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बी.डी.डी. चाळी उभारल्या. पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. इमारती जीर्ण होत गेल्या, पण गरीब कुटुंबे शहराच्या मध्यभागी टिकून राहिली. ज्या काळात हाउसमानचे पॅरिस श्रमिकांना कडेला ढकलत होते, त्याच काळात मुंबईने त्यांना मध्यात आणले. आणि या कायद्याने त्यांचे तेथील वास्तव्य लांबवले.

७/ १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. पहिले दोन्ही वाटे आक्रसले.

८/ काम होते तोवर श्रमिकाचे केंद्रात असणे भांडवलाला हवे होते. काम संपताच तीच जमीन त्याच्या आवाक्याबाहेर गेली. पूर्वी जे अंतर पायी मोजले जाई, ते आता कल्याण आणि विरारच्या लोकलमध्ये मोजले जाते. नकाशा उलटला, अंतराची किंमत मात्र आजही श्रमिकच मोजतो.