आवरणाचा इतिहास : धातुकण, उत्प्रेरण आणि तनुपटल

एका पिढीने दोष म्हणून नोंदलेली गोष्ट पुढील पिढीच्या हाती साधन होऊन येते, असे रसायनशास्त्राच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. धातूच्या अतिसूक्ष्म कणांना ऑक्साइडाच्या तनुपटलात बंदिस्त करून उत्प्रेरक घडविण्याच्या विद्येची कथा याच जातीची आहे. ही विद्या सरळ मार्गाने वाढली नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

१८२३ साली येना येथे डोबरायनर याने स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनाचा झोत सोडला, तेव्हा तो हवेत आपोआप पेटला. अशा घटनांना बर्झेलियसने १८३५ साली ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिले. पुढे १९२५ साली ह्यू टेलर याने असे प्रतिपादन केले की, घन उत्प्रेरकाचा सर्व पृष्ठभाग सारखा क्रियाशील नसतो. काही मोजक्या केंद्रांवरच विक्रिया घडते. धातू जितका बारीक वाटावा तितका त्याचा पृष्ठभाग वाढतो, हे उघडच होते. परंतु बारीक कण स्थिर राहत नाहीत. उच्च तापमानात ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. यालाच सिंटरिंग म्हणतात. शिवाय कार्बनी विक्रियांत त्यांच्यावर कार्बनाची पुटे चढतात. कण उघडा ठेवावा तर तो टिकत नाही आणि झाकावा तर काम करीत नाही, असा हा पेच होता.

१९७८ साली एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत टॉस्टर व त्यांचे सहकारी यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. टिटॅनियम डायऑक्साइडवर बसविलेल्या प्लॅटिनम वर्गातील धातूंचे ५०० अंश सेल्सिअसला हायड्रोजनाने क्षपण केले असता, हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड धरून ठेवण्याची त्यांची शक्ती जवळजवळ नाहीशी झाली. कण मात्र मोठे झालेले नव्हते. आधाराचे ऑक्साइडच धातूवर सरकून त्याला झाकते, हे पुढील दशकातील संशोधनाने स्पष्ट केले. आवरण आपोआप चढू शकते हे त्यातून कळले. पण ते किती चढावे हे ठरविण्याचे साधन मात्र हाती नव्हते.

ते साधन अन्य क्षेत्रात आधीच जन्मास आले होते. लेनिनग्राडमध्ये अलेस्कोव्स्की यांनी १९५२ साली त्याची सैद्धांतिक बैठक मांडली आणि १९६० नंतरच्या दशकात कोल्त्सोव्ह यांच्यासह ‘रेणवीय स्तरण’ या नावाने प्रयोग झाले. फिनलंडमध्ये १९७४ साली तुओमो सुन्तोला यांनी स्वतंत्रपणे हीच कल्पना काढली. त्यांना उत्प्रेरक नव्हे, प्रकाशमान दर्शकफलक करावयाचे होते. या पद्धतीत दोन बाष्पे आळीपाळीने सोडतात. प्रत्येक बाष्प पृष्ठभागावरील मोकळ्या जागांशी संयोग पावून थांबते, म्हणून पटलाची जाडी आवर्तने मोजून ठरविता येते.

हे दोन प्रवाह एकत्र आल्याचे ठळक उदाहरण २०१२ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील पीटर स्टेअर यांच्या गटाने पॅलेडियमच्या कणांवर ट्रायमिथिल ॲल्युमिनियम व पाणी यांच्या ४५ आवर्तनांनी ॲल्युमिनाचे पटल चढविले. तापविल्यावर त्या पटलात सूक्ष्म छिद्रे पडली व वायूंना धातूपर्यंत वाट मिळाली. ६५० अंशांवर ईथेनपासून एथिलीन करताना, एका तासात या उत्प्रेरकावर साचलेला कार्बन अनावृत उत्प्रेरकावरील कार्बनाच्या ६ टक्क्यांहूनही कमी होता. ६७५ अंशांवर २८ तासांनंतरही कणांच्या रूपात दृश्य बदल आढळला नाही, आणि एथिलीनचे उत्पन्नही वाढले.

१९७८ साली जे आवरण धातूला निष्क्रिय करणारे ठरले होते, त्याच जातीच्या आवरणाने २०१२ साली त्याचे रक्षण केले. फरक मोजमापाचा आणि छिद्रांचा होता. मात्र छिद्रे अपुरी पडल्यास जुनाच दोष पुन्हा उद्भवतो, हे संशोधकाने विसरू नये.

या इतिहासातून विद्यार्थ्याने एक बोध अवश्य घ्यावा. लेनिनग्राडचे कार्य मुख्यतः रशियन भाषेत राहिल्यामुळे श्रेयाच्या कथनात ते दीर्घकाळ मागे पडले. आणि फलकांसाठी योजलेले तंत्र उत्प्रेरणाच्या उपयोगी पडेल, असे त्यावेळी फारच थोड्यांना वाटले असेल. आपल्या विषयाच्या कुंपणापलीकडे आणि आपल्या परिचयाच्या भाषेपलीकडे पाहणे हाही संशोधनाचाच भाग होय.