हवासुपाईंचे रक्त आणि विद्यापीठाचे संमतिपत्र

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यनमध्ये, एका उपदरीच्या तळाशी सुपाई नावाचे गाव आहे. तेथे मोटाररस्ता पोहोचत नाही. टपालही खेचरांच्या पाठीवरून जाते. सुमारे ६५० सदस्यांच्या हवासुपाई या आदिवासी जमातीचे हे वसतिस्थान. आदिवासींमध्ये संशोधन करताना विद्यापीठांनी कसे वागावे, या चर्चेत या छोट्याशा जमातीचा उल्लेख हमखास होतो.

हवासुपाईंमध्ये मधुमेहाचे प्रमाण चिंताजनक होते. त्याचे कारण शोधण्यासाठी अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० पासून गावात रक्ताचे नमुने घेतले. विद्यापीठातील एका मानववंशशास्त्रज्ञाचा जमातीशी जुना परिचय होता. त्या विश्वासावर लोकांनी हात पुढे केले. मधुमेहाचा उलगडा मात्र झाला नाही.

पुढे हेच नमुने स्किझोफ्रेनिया, जमातीतील आप्तविवाह आणि पूर्वजांचे स्थलांतर यांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. हवासुपाईंना याची कल्पना नव्हती. जमातीच्या कार्लेटा टिलूसी २००३ मध्ये विद्यापीठात एका पीएच.डी. प्रबंधाच्या सादरीकरणास उपस्थित होत्या. आपल्याच लोकांच्या रक्तावर हा प्रबंध उभा आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. यासाठी परवानगी घेतली होती काय, असा प्रश्न त्यांनी तेथेच विचारला. जमातीने विद्यापीठाच्या संशोधकांना आपल्या भूमीत प्रवेशबंदी केली आणि २००४ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले.

संशोधकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. सह्या घेतलेल्या संमतिपत्रातील शब्दरचना व्यापक होती आणि मधुमेहापलीकडचा अभ्यासही तीत बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु अनेकांना इंग्रजी ही दुसरी भाषा होती आणि तोंडी बोलणे मधुमेहाचेच झाले होते. शिवाय हवासुपाईंच्या श्रद्धेनुसार रक्ताला पावित्र्य आहे व जमातीचा उगम याच दरीत झाला आहे. पूर्वज आशियातून आले, हा निष्कर्ष वैज्ञानिकदृष्ट्या नवा नव्हता. तो आपल्याच रक्तातून, न विचारता काढला गेला, हे त्यांच्या जिव्हारी लागले.

कनिष्ठ न्यायालयाने दावा फेटाळला होता. अपील न्यायालयाने २००८ मध्ये तो पुन्हा दाखल करून घेतला. अखेर एप्रिल २०१० मध्ये तडजोड झाली. ४१ सदस्यांना मिळून ७ लाख डॉलर देण्याचे आणि उरलेले नमुने परत करण्याचे ठरले. जमातीचे प्रतिनिधी प्रयोगशाळेत जाऊन शीतपेटीतील ते रक्त घेऊन आले.

तडजोड झाल्याने कायद्याचा दाखला निर्माण झाला नाही, पण परिणाम दूरवर झाला. शेजारच्या नवाहो राष्ट्राने तर २००२ मध्येच जनुकीय संशोधनास स्थगिती दिली होती. दक्षिण आफ्रिकेतील सान समुदायाने २०१७ मध्ये स्वतःची संशोधन आचारसंहिता जाहीर केली. संशोधनाचा आराखडा आधी समुदायापुढे ठेवावा, निष्कर्ष प्रसिद्धीपूर्वी दाखवावेत आणि लाभात वाटा द्यावा, असा तिचा आशय आहे. नियम समुदायाने लिहावेत आणि विद्यापीठाने पाळावेत, ही उलटी रीत त्यातून पुढे आली.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. आदिवासी भागात संशोधनापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता आणि पंचायत वा समाजमान्य प्रमुखाची परवानगी त्यांत अपेक्षित आहे. मात्र त्याने व्यक्तीची स्वतंत्र संमती टळत नाही. दिलेल्या नमुन्याची मालकी देणाऱ्याचीच, असेही त्यांत नमूद आहे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलच्या निमित्ताने वारंवार रक्त द्यावे लागते. ते संशोधनासाठी ठेवले जाणार असेल, तर त्याचे पुढे काय होणार, हे रक्त देणाऱ्यास त्याच्या बोलीत समजावून सांगणे हे नमुना घेणाऱ्याचे काम ठरते.