घरगुती इंजिन ते फॉर्म्युला वन

१/ १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही मोटार आणली. वजन सुमारे ५०० किलो. सुट्या भागांत विकत घेऊन स्वतः जोडली, तर ब्रिटनमधील खरेदीकर वाचत असे. आरंभीचे इंजिन मात्र फोर्डच्या घरगुती मोटारीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे.

२/ ही ताकद वाढवायची कशी? लोटसमध्ये ओळख झालेल्या माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ यांनी १९५८ मध्ये स्वतःची कंपनी स्थापली. दोघांची आडनावे जोडून नाव ठेवले कॉसवर्थ.

३/ इंजिन जितका मोकळा श्वास घेईल, तितके इंधन जाळील आणि तितके बळ देईल, हे त्यांच्या कामाचे सूत्र. व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट, सुधारलेले सिलिंडर हेड, दोन वेबर कार्ब्युरेटर! १९६१ च्या ‘सुपर सेव्हन’मध्ये फोर्डचे १३४० सीसीचे इंजिन ८५ अश्वशक्ती देऊ लागले.

४/ पुढे फोर्डनेच कॉसवर्थला नव्या शर्यती इंजिनासाठी पैसा पुरवला. ४ जून १९६७ रोजी झांडव्होर्ट येथे त्या डीएफव्ही इंजिनाची पहिलीच शर्यत होती. लोटस चालवणाऱ्या जिम क्लार्क यांनी ती जिंकली. या इंजिनाच्या नावावर फॉर्म्युला वनमधील १५५ विजय आहेत. त्यांची उमेदवारी घरगुती इंजिनांवर झाली होती.