उभ्या गाडीचा हिशेब

रुग्णवाहिकांच्या वाटपाबद्दल आपल्याकडे एक मत इतके रुळले आहे की ते कुणी मांडत नाही, गृहीतच धरतात. गाड्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्याव्यात, आणि ज्या ठिकाणची गाडी दिवसाला एखाद-दुसऱ्या फेरीपलीकडे हलत नाही ती उचलून मागणी असेल तिथे न्यावी. हा पूर्वपक्ष खुळा नाही. पैसा लोकांचा आहे. तो उभ्या गाडीवर का घालवायचा, हा प्रश्न रास्तच. शिवाय डोकी मोजून वाटप केले की वजनदार पुढाऱ्याच्या तालुक्याला झुकते माप मिळत नाही, हा गुण मी कमी लेखत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकषही हाच: लाख लोकांमागे एक बेसिक गाडी, पाच लाखांमागे एक अ‍ॅडव्हान्स. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ सेवा सुरू झाली ती ७०४ बेसिक आणि २३३ अ‍ॅडव्हान्स अशा ९३७ गाड्यांची.

आता हा निकष धाराशिवला लावू. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार. म्हणजे सोळा-सतरा बेसिक गाड्या आणि तीन अ‍ॅडव्हान्स. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. एका बेसिक गाडीच्या वाट्याला साडेचारशे चौरस किलोमीटर आले. बृहन्मुंबईत तोच निकष दर पाचेक चौरस किलोमीटरला एक गाडी देतो.

यावर हुशार प्रतिपक्षी म्हणेल, साडेचारशे चौरस किलोमीटर म्हणजे बारा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ; मध्यावर गाडी ठेवली तर अर्ध्या तासात कुठेही पोहोचेल. गणित बरोबर आहे. फक्त गाडी जागेवर हवी.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर उमरग्याजवळ रात्री दुचाकी उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली, असे धरा. डोक्याला मार. उमरग्याच्या रुग्णालयात सलाईन लागते, आणि कागदावर ‘पुढील उपचारार्थ रेफर’ असे लिहून होते. सोलापूरचे सिव्हिल शंभरेक किलोमीटर. तिथे केसपेपर निघेपर्यंत रुग्ण गाडीच्याच स्ट्रेचरवर असतो; स्ट्रेचर सुटत नाही तोवर चालकही सुटत नाही. मग रक्त धुणे, ऑक्सिजनचे सिलिंडर बदलणे, परतीचा रस्ता. चार-साडेचार तास गेले. तेवढ्यात मुरूमकडून बाळंतपणाचा फोन आला तर बारा किलोमीटरचे ते वर्तुळ कागदावरच राहते.

हा योगायोग नव्हे, याला नियम आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ पासून फोनच्या तारा गुंतलेल्या सापडण्याचे गणित मांडले. तेच गाड्यांना लागू पडते. एका ठिकाणी दोन दिवसांत सरासरी तीन कॉल आणि प्रत्येकाला चार तास धरा. काम दिवसाच्या पाव भागाचे. अहवालात गाडी पाऊण दिवस ‘रिकामी’. तरीही ती एकटीच असेल तर पाचांतला एक कॉल नेमका ती बाहेर असताना येतो. एवढाच भार असलेल्या दहा गाड्या एकमेकींच्या हाकेवर असतील, तर दहाही एकाच वेळी गुंतलेल्या सापडण्याचा संभव दहा हजारांत दोन. शहराला ही सोय दाटीमुळे आपोआप मिळते. विरळ वस्तीत ती मिळवायची तर गाड्या उभ्या ठेवाव्याच लागतात. अग्निशमनाचा बंब महिनाभर हलला नाही म्हणून कोणतीही नगरपालिका तो शेजारच्या गावाला देत नाही. मग फेऱ्यांवरून गाडीची लायकी ठरवण्याचा हट्ट फक्त रुग्णवाहिकेपुरताच का?

डोकी मोजण्यातही गफलत आहे. जनगणना माणूस राहतो कुठे ते सांगते, आणि अपघात तो असतो तिथे होतो. महामार्गावरून जाणारा प्रवासी धाराशिवच्या १६ लाखांत नाही. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेने अनवाणी चालणारे भाविक नाहीत. दसऱ्यानंतर भूम, परंडा, वाशीतून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या मात्र कागदावर सहा महिने घरीच असतात. त्यात २०२१ ची जनगणना झालीच नाही.

‘मग गाड्या वाढवा’ हे यावरचे लोकप्रिय उत्तर. राज्यानेही १,७५६ गाड्यांचा बेत आखला आहे. संख्या वाढायला हवी, यात वाद नाही. पण गाडी ही एकदाची खरेदी, सेवा हा रोजचा खर्च. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो. रजा-आजारपण धरले तर एका गाडीला चार चालक आणि चार डॉक्टर लागतात. आमदार निधीतून गाडी येते, नारळ फुटतो, फीत कापली जाते; दुसऱ्या वर्षी डिझेल आणि पगार कुणाच्या लेखाशीर्षातून, यावर फायली फिरतात.

म्हणून पैसा फेऱ्यांना नव्हे, तयारीच्या तासांना द्यावा, हा माझा पक्ष. जिल्हा नियोजन समितीपुढे दर महिन्याला दोन आकडे यावेत: प्रत्येक ठिकाण किती तास गाडीविना होते, आणि त्यांतले किती तास रेफरमध्ये गेले. दुसरा आकडा मोठा निघाला तर रुग्णालयातून रुग्णालयात नेण्यासाठी वेगळी गाडी लावावी. स्थिरावलेल्या रुग्णासाठी १०८ अडकवू नये. उमरग्याची गाडी सोलापूरला निघाली की लोहाऱ्याची मधल्या टप्प्यावर आणून ठेवावी. त्याला नवी गाडी लागत नाही, नियंत्रण कक्षातून एक फोन लागतो.

एक अडचण मात्र जिल्ह्याच्या हातची नाही. परंड्याच्या माणसाला बार्शी जवळ, धाराशिव दूर. तो बार्शीलाच जातो. पण बार्शी सोलापूर जिल्ह्यात, आणि निकष जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबतो. दोन्ही समित्यांनी निदान परंडा-बार्शी पट्ट्याचा आराखडा एकत्र केला, तर आहे त्याच गाड्यांत परंड्याचे काही उघडे तास भरून निघतील.