स्टुकाचा भोंगा आणि मुंबईहून गेलेली खेचरे

'डंकर्क' हा चित्रपट २०१७ साली आला, तेव्हा घाटकोपरच्या आमच्या पोरांनीही तो पाहिला. किंचाळत खाली येणारे विमान सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी मुसलमान शिपाईही होते, हे सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून हे लिहितो आहे.

ते विमान म्हणजे जर्मनीचे 'युंकर्स ८७', ऊर्फ स्टुका. रचना हर्मन पोलमन यांची. १९३५ साली त्याचा पहिला नमुना उडाला, तो चक्क ब्रिटिश रोल्स-रॉईस इंजिनावर! पंख आधी खाली झुकून मग वर वळलेले, चाके पोटात न जाणारी, आत दोन माणसे. ते जवळजवळ सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकी. पंखांखालचे ब्रेक वेग आवरत आणि वैमानिकाची शुद्ध हरपली तरी विमान आपोआप वर यावे, अशी सोय होती. काही विमानांना वाऱ्यावर वाजणारा भोंगा बसवलेला असे. बॉम्ब पडण्याआधीच माणसाचे काळीज फाटावे, एवढेच त्याचे काम.

त्याच्या उलट टोकाला होते खेचर. ब्रिटिश फौज मोटारींवर आली होती. फ्रान्सच्या बर्फाचिखलात त्या अडू लागल्या. म्हणून डिसेंबर १९३९मध्ये 'फोर्स के-६'च्या खेचरांच्या तुकड्या मुंबई बंदरातून मार्सेलिसला गेल्या. त्यांतले बहुतेक जवान पंजाबी मुसलमान. मे १९४०मध्ये माघार सुरू झाली. वरून बॉम्ब आणि जमिनीवरून तोफा सुरू असताना जमादार मौला दाद खान यांनी माणसे व जनावरे रस्त्यावरून हलवून आडोशाला नेली. त्यांना शौर्यपदक मिळाले. एक तुकडी मात्र जर्मनांच्या कैदेत गेली.

स्टुकाचा दरारा फार टिकला नाही. वेगाने मंद असलेले हे विमान ब्रिटिश लढाऊ विमानांपुढे कोसळू लागले. १८ ऑगस्ट १९४०च्या मोठ्या हानीनंतर इंग्लंडवरच्या लढाईतून ते जवळपास मागेच घेतले गेले.

हे युद्ध त्या शिपायांनी पुकारलेले नव्हते. साम्राज्याने त्यांना नेले होते, हेही विसरता कामा नये. पण "तुमच्या लोकांनी काय केले?" असे आमच्या पोरांना कुणी विचारले, तर मौला दाद खान हे नाव त्यांना ठाऊक असावे. शत्रूच्या भोंग्याचा आवाज ठाऊक आहे, आपल्या माणसाचे नाव नाही, ही गोष्ट मला सलते.