वायपर ब्लेड

वायपर ब्लेड हा मोटारगाडीच्या समोरच्या काचेवरील पाणी, धूळ व चिखल पुसणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. त्याची रबरी पट्टी काचेला प्रत्यक्ष टेकते व कालांतराने झिजते, म्हणून ब्लेड ठरावीक काळाने बदलावे लागते.

इतिहास

अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये काच पुसण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले. या साधनामुळे चालकाला गाडीत बसूनच तरफेच्या साहाय्याने काच पुसता येत असे. पुढे विजेच्या मोटरवर चालणारे वायपर रूढ झाले. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ वायपरसंबंधी आहे.

रचना व प्रकार

मोटरला जोडलेला दांडा स्प्रिंगच्या ताणाने ब्लेडला काचेवर दाबून धरतो. रबरी पट्टीची कड पातळ असते. प्रत्येक फेरीच्या शेवटी ती विरुद्ध बाजूला वळते, त्यामुळे जाताना व येताना ती पाणी सारखेच ओढते. ब्लेडचे तीन प्रमुख प्रकार आहेत :

* पारंपरिक : धातूच्या सांगाड्यामुळे दाब ठरावीक बिंदूंवर पडतो.
* सपाट : आतील वक्र पोलादी पट्टीमुळे दाब सर्वत्र सारखा पडतो.
* मिश्र : सांगाड्यावर प्लॅस्टिकचे आवरण असते.

झीज व लक्षणे

ऊन, उष्णता व हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होते व त्याला भेगा पडतात. कडक झालेली कड नीट वळत नाही. ब्लेड काचेवर उड्या मारते व करकर आवाज येतो. कडेला चीर पडल्यास किंवा वाळूचा कण अडकल्यास काचेवर पाण्याची रेघ राहते. सांगाडा वाकल्यास किंवा स्प्रिंग सैल झाल्यास काचेचा काही भाग पुसलाच जात नाही. काचेवरील तेलकट थरामुळेही यांपैकी काही दोष दिसतात, म्हणून ब्लेड बदलण्यापूर्वी काच धुऊन पाहतात.

महाराष्ट्र व गोव्यात वायपर अनेक महिने फारसा वापरला जात नाही. उन्हाळ्यात झालेली रबराची हानी पहिल्या पावसातच उघड होते. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश काचेवरील रेघांवर पसरतो व रस्ता दिसेनासा होतो. त्यामुळे जूनपूर्वी तपासणी करणे हिताचे ठरते.

निगा

रबराची कड ओल्या कापडाने व सौम्य साबणाने पुसावी. पेट्रोल, रॉकेल किंवा ग्रीस लावू नये. त्यांनी रबर फुगते व खराब होते. कोरड्या, धुळकट काचेवर वायपर चालवू नये; अडकलेल्या कणांनी काचेवर कायमचे ओरखडे पडतात. गाडी शक्यतो सावलीत उभी करावी.

बदलण्याची पद्धत

साधारणपणे सहा महिने ते एका वर्षात ब्लेड बदलण्याची शिफारस केली जाते. चालकाच्या व शेजारच्या बाजूच्या ब्लेडची लांबी अनेकदा वेगळी असते, म्हणून वाहनपुस्तिकेतील माप पाहावे.

१. वायपर बंद करून दांडा उभा करावा. काही गाड्यांत त्यासाठी वायपर आधी दुरुस्तीच्या स्थितीत आणावा लागतो.
२. काचेवर जाड कापड अंथरावे. ब्लेड नसलेला दांडा स्प्रिंगच्या जोराने आपटल्यास काच तडकू शकते.
३. आकड्याजवळील खटका दाबून जुने ब्लेड सरकवून काढावे.
४. नवे ब्लेड खट् असा आवाज येईपर्यंत बसवावे.
५. दांडा हळूच खाली टेकवून, काचेवर पाणी फवारून वायपर चालवून पाहावा.