गुहांच्या सावलीतले देव

कैलास लेण्याच्या अंगणात दुपारचे ऊन मी म्हणत असते. बाजूच्या ओवरीत पाऊल टाकले की डोळ्यांपुढे काळोख. मूर्ती आहेत हे कळते. कोणाच्या, हे उमगायला वेळ लागतो.

१९०९ मध्ये आल्बेर रूसेल हा फ्रेंच संगीतकार नव्या नवरीसह हिंदुस्थानात आला, वेरूळला गेला, आणि पुढे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या ‘एव्होकासियों’ या रचनेच्या पहिल्या भागाला त्याने नाव दिले ‘गुहांच्या सावलीतले देव’. त्यालाही तो काळोखच लक्षात राहिला असावा.

रूसेल मुळात दर्यावर्दी. १८६९ चा जन्म, फ्रेंच नौदलात अधिकारी, आणि १८९४ मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन सुरांच्या मागे लागलेला. पॅरिसच्या स्कोला कांतोरममध्ये तो शिकवू लागला, तेव्हा त्याच्या वर्गात एरिक सातीही बसत असे. शिष्य गुरूहून तीन वर्षांनी मोठा!

पुराणवस्तू आणि संगीताची गाठ तेव्हा नवी नव्हती. व्हेर्दीच्या ‘आयडा’ची (कैरो, १८७१) मूळ कथा इजिप्तमध्ये उत्खनन करणाऱ्या ओग्युस्त मारिएतची होती. वेशभूषेकडेही त्यानेच लक्ष दिले. तिथे प्राचीन नगर डोळ्यांसमोर उभे करायचे होते. रूसेलला असा देखावा नको होता. ऐकणाऱ्याने नकाशा काढून बसावे हे त्याला मान्य नव्हते. जागा पाहून मनात काय उमटले, तेवढेच त्याला सांगायचे होते.

१८ मे १९१२ रोजी पॅरिसमध्ये ही रचना प्रथम वाजली. दुसरा भाग जयपूरचा. ते शहर १७२७ चे, म्हणजे वेरूळपुढे कालचे पोर. तिसरा काशीचा, त्यात गायक आहेत, समूहगान आहे आणि तिथे एका फकिराकडून ऐकलेली चालही आहे. वेरूळच्या वाट्याला मात्र ना गायक, ना शब्द. सुरुवात दबकत होते, अंधाराला डोळे सरावावेत तशी. तिन्हींत हाच भाग सरस वाटतो, कारण काशीत त्याला चाल आयती मिळाली होती, इथे सगळे स्वतःच उभे करावे लागले.

कैलास घडवणाऱ्यांनाही हेच करावे लागले होते, तेही उलट दिशेने: आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात शिखरापासून खाली डोंगर खोदत. बंगळूरहून पट्टदकलला सहलीला जाणाऱ्या मराठी माणसाला तिथले विरूपाक्ष मंदिर ओळखीचे वाटते, ते उगाच नाही. चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने बांधवलेल्या त्या देवळाची ठेवण कैलासात उतरलेली दिसते. पुढे राष्ट्रकूटांची राजधानी झालेले मान्यखेट, आजचे मळखेड, हेही कर्नाटकातच. याच घराण्याच्या बडोदे ताम्रपटात एक गंमत नोंदली आहे: काम पुरे झाल्यावर खुद्द शिल्पीच थक्क झाला, हे आपण केले कसे म्हणून.

१९०९ च्या त्याच सफरीत रूसेलने चितोडचे भग्न अवशेष पाहिले. त्यातून ‘पद्मावती’ हा नृत्यसंगीताचा खेळ जन्मला. मध्ये महायुद्ध आले, आणि पॅरिसच्या ऑपेरात पडदा वर गेला तो थेट १ जून १९२३ ला. संहिताकार लुई लालुआने कथा चांगलीच फिरवली आहे. चितोडची राणी इथे आधी नवऱ्याला, रतनसेनाला, स्वतःच्या हाताने मारते आणि मग त्याच्या चितेकडे निघते.